युद्ध चालू असताना नदीचं पुढच्या पन्नास वर्षांचं ठरवायचं का? (द्निप्रो नदी, काखोव्का धरण)

नीपरकाठची

नमस्कार सगळ्यांना. विषय लांबचा आहे पण माझ्यासाठी घरचा आहे, आणि इथे धरणं, पाटपाणी, शेती यातली माहिती असणारी मंडळी आहेत म्हणून विचारतेय.

मी युक्रेनमध्ये झापोरिझियाला मेडिकलला होते, २०२२ च्या मार्चमध्ये ऑपरेशन गंगातून परत आले. तिकडे वर्गातल्या एका युक्रेनियन मैत्रिणीच्या घरी मी सुट्टीला जायचे, निकोपोलला, द्निप्रोच्या काठावर. (आपण शाळेत भूगोलात नीपर म्हणून शिकलो तीच ही नदी, युरोपातली चौथी लांब.) खरं म्हणजे नदीकाठ असं नव्हतंच, समोर काखोव्का धरणाचा तलाव होता आणि तो इतका मोठा की मैत्रिणीची आजी त्याला समुद्रच म्हणायची. पलीकडे एनेर्होदारच्या अणुवीज केंद्राच्या अणुभट्ट्या दिसायच्या. आजी बाल्कनीत बसून मासे साफ करायची आणि मला माझ्या मोडक्या रशियनमध्ये पोहे कसे करतात ते विचारायची.

६ जून २०२३ ला पहाटे धरण उडालं, तेव्हा ते रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. खाली खेरसन, ओलेश्की बुडालं आणि वर हा तलाव थोड्याच दिवसांत रिकामा झाला. आधी नुसता भेगाळलेला चिखल, मेलेले मासे, शिंपले. मग मैत्रिणीने पुढच्या वर्षी व्हिडिओ पाठवला तर तिथे जंगल!! माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी झाडं, एका वर्षात.

आता मुद्दा. युक्रेन सरकारने २०२३ च्या जुलैमध्येच ठरवलं की धरण पुन्हा बांधायच्या तयारीला लागायचं, तसा प्रायोगिक प्रकल्प मंजूरसुद्धा केला. तिकडचे निसर्गअभ्यासक म्हणतात बांधू नका, नदी मोकळी झालीये तर राहू द्या. माझ्या मैत्रिणीच्या घरात यावरून अक्षरशः दोन तट पडलेत, ती म्हणते जंगल राहू दे, तिचा मामा खेरसनकडे कालव्याच्या पाण्यावर कलिंगडं लावायचा तो म्हणतो तुमच्या जंगलावर माझं पोट भरत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. हे असलं सगळं युद्ध संपायच्या आधी ठरवणं बरोबर आहे का, की शांतता झाल्यावर बघावं? आणि धरण परत बांधावं का? मला स्वतःलाच कधीकधी अपराधी वाटतं की रोज माणसं मरतायत आणि मी झाडांबद्दल विचारतेय, पण ही नदी डोक्यातून जात नाही.

---

सिंचनवाला_निवृत्त

ताई, अपराधी वाटून घेऊ नका, पाण्याचा प्रश्न हा माणसांचाच प्रश्न असतो. मी जलसंपदा खात्यात तेहतीस वर्षं काढली, बांधकाम आणि व्यवस्थापन दोन्ही बाजूंनी धरणं पाहिली. तिकडे मी कधी गेलो नाही तेव्हा जे बोलतो ते आकड्यांवरून.

काखोव्काचा साठा होता १८.२ घन किलोमीटर, आपल्या हिशोबात साधारण ६४३ टीएमसी. कोयना १०५, उजनी ११७, जायकवाडी १०२, तिन्ही काठोकाठ भरून एकत्र ओतली तरी त्याच्या निम्म्यालाच येतात. पण बुडीत क्षेत्र बघा, २,१५५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते त्याच्या साडेतीन पट. भागाकार केला तर सरासरी खोली साडेआठ मीटरसुद्धा भरत नाही. धरणं बांधलेल्या माणसाला हे लगेच खुपतं, पसरट परातीत पाणी ठेवल्यासारखं आहे ते, उन्हाला आणि वाऱ्याला सगळं उघडं. मुलूखच सपाट आहे त्यामुळे १९५० च्या दशकात त्या ठिकाणी बांधायचं म्हटल्यावर दुसरं काही होणारही नव्हतं.

आता वीज. लोक म्हणतात वीज गेली वीज गेली. काखोव्काचं वीजगृह साडेतीनशे मेगावॉटच्या आसपासचं होतं. आपलं कोयना १,९६० मेगावॉट. म्हणजे एवढी जमीन बुडवून मिळणारी वीज फार नव्हतीच, संध्याकाळच्या वेळी मागणी चढते तेव्हा जलविद्युतचा उपयोग होतो हे खरं, पण त्यासाठी कोणी एवढा तलाव राखणार नाही.

त्या धरणाने खरं काय दिलं तर पातळी. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १६ मीटर, आणि १२.७ मीटरच्या खाली गेलं की अणुवीज केंद्राला पाणी उचलणं अवघड. सगळ्या कालव्यांची मुखं, गावांचे पंपहाऊस, कारखान्यांच्या विहिरी, क्रिमियाला जाणारा उत्तर क्रिमिया कालवा, सगळं त्या पातळीच्या भरवशावर बसवलेलं. २०२१ साली त्या तलावाच्या पाण्यावर ५ लाख ८४ हजार हेक्टर भिजत होतं. खेरसन भागात पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कोरडं, तेव्हा त्या मामांचा राग मला पूर्ण समजतो.

पण एक लक्षात घ्या, पाणी कुठे गेलेलं नाही. नदीचा सरासरी प्रवाह मुखाशी १,६७० घनमीटर प्रति सेकंद, वर्षाला त्रेपन्नेक घन किलोमीटर, ते आजही समुद्राला जातंय. गेली ती उंची. मग आता तेच पाणी खालून उचलायचं म्हणजे उपसा सिंचन, आणि उपसा म्हटलं की वीजबिल, टेंभू-म्हैसाळचं वीजबिल आपल्याकडे किती वर्षं गाजलं ते इथल्या सगळ्यांना माहितीये. त्यात तिकडे वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडतायत. म्हणजे पंपावर सगळं टाकलं तर वीज गेली की पाणी गेलं, आणि धरणावर सगळं टाकलं तर एका स्फोटात काय होतं ते जगाने पाहिलं. या दोन्हीच्या मधलं काहीतरी शोधावं लागेल, मला वाटतं पुष्कळ ठिकाणी पसरलेली लहान उचल केंद्रं आणि त्यांना जोडून साठवण तळी, एक उडवलं तरी बाकीची चालू राहतील अशी.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं की युद्धात ठरवायचं की नाही हा पर्यायच उरलेला नाही. ठरवणं सुरू झालंय. क्रिवी रिह, निकोपोल, मार्हानेत्स या शहरांचं पाणी तलावाबरोबर तुटलं आणि २०२३ च्या उन्हाळ्यातच दुसरीकडून मोठ्या जलवाहिन्या टाकायला घेतल्या. पाईप एकदा जमिनीत गेला की पुढची चाळीस-पन्नास वर्षं गाव त्याच्यामागे जातं, माझा अनुभव आहे, टंचाईत टाकलेली तात्पुरती लाईन कधीच तात्पुरती राहत नाही. म्हणून मी म्हणेन नियोजन आत्ताच करा, फक्त त्यातल्या कुठल्या गोष्टी परत फिरवता येतात आणि कुठल्या नाही हे वेगवेगळं मांडा. पाईप फिरवता येतो, खर्चाने का होईना. भिंत एकदा बांधली की नाही.

एक विनंती, जमलं तर आजींना विचारा, नळाला पाणी आता कुठून येतं, पिण्यालायक आहे का, आणि आड-विहिरींचं काय झालं. कागदावर योजना पूर्ण असते आणि चौथ्या मजल्यावर पाणी चढत नसतं.

---

कृष्णाकाठ_सांगली

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, आठ दिवस. त्या वेळी कोणी येऊन मला पन्नास वर्षांच्या नदी नियोजनाबद्दल बोललं असतं तर मी त्याला हात जोडून परत पाठवला असता. तेव्हा होडी पाहिजे होती, आईची औषधं पाहिजे होती. तिकडे तर तोफा चालू आहेत. पुरात सुरुंग वाहून गेले म्हणतात, म्हणजे कुठल्या शेतात काय गाडलंय कोणाला पत्ता नाही, तिथे सर्व्हे कोण करणार, पैसे कुठून येणार? युनो आणि तिथल्या सरकारने मिळून धरणफुटीचं नुकसान जवळपास १४ अब्ज डॉलर काढलंय, एका धरणाचं. मला वाटतं आधी माणसं, आधी पिण्याचं पाणी, बाकी सगळं नंतर.

फक्त एक गोष्ट कबूल करतो. पूर ओसरल्यावर आमच्याकडे सगळे म्हणाले आता निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम नाही म्हणजे नाही. आता येऊन बघा. घाईत जो तो आपापलं उभं करतो आणि मग कोणाला हलवता येत नाही. म्हणजे नंतर बघू म्हटलं की नंतर फार उशीर झालेला असतो, हे मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे माझ्या मनातही पूर्ण उत्तर नाही.

---

वाळुंज

मी वनस्पतीशास्त्रातली, मूळची वाईची, सध्या जर्मनीत नदीकाठच्या वनस्पतींवर काम करते. द्निप्रोवर माझं स्वतःचं काम नाही पण इथे या विषयावर खूप बोललं जातं, आणि माझं इथलं नाव वाळुंज आहे त्याला कारण आहे, कारण त्या तलावाच्या तळात जे उगवलं ते मुख्यतः वाळुंजाच्याच जातकुळीतलं आहे. आपल्याकडे कृष्णेच्या, नीरेच्या पात्रात वाळुंज असतो ना, पाण्यात पाय सोडून उभा, त्याचे तिकडचे चुलत भाऊ. सोबत पॉप्लर आणि ओल धरून राहिलेल्या जागी पाणकणीस.

हे का झालं ते सांगते कारण यात योगायोग मोठा आहे. वाळुंजाचं बी कापसासारखं उडतं आणि फार थोडे दिवस जगतं, तेवढ्यात त्याला उघडी ओली माती मिळाली तर मिळाली नाहीतर गेलं. धरण फुटलं जूनच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकं बी उडण्याच्या दिवसांत, आणि समोर दोन हजार चौरस किलोमीटर ओला गाळ. सगळ्यांना भीती होती की तळ वाळून धुळीची वादळं उठतील, विषारी धूळ शहरांवर जाईल. ती भीती बऱ्याच अंशी खरी ठरली नाही ती या झाडांमुळे, मुळांनी गाळ धरून ठेवला.

पण नुसतं हिरवं दिसलं म्हणून सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. बर्लिनच्या लायबनिझ संस्थेतल्या गोड्या पाण्याच्या अभ्यासकांनी इतर देशांतल्या लोकांबरोबर २०२५ मध्ये 'सायन्स'मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात तळाच्या गाळात ८३ हजार टनांच्या आसपास जड धातू साठलेत असा अंदाज आहे. झापोरिझिया, निकोपोल सगळा पोलाद-मँगनीजचा कारखानदार पट्टा, सत्तर वर्षं जे सोडलं ते तलावात खाली बसलं. आता प्रत्येक मोठ्या पाण्याला त्यातलं थोडं थोडं सुटणार, खालच्या लोकांच्या पाण्यात, माशांत. मग एक बाजू म्हणते म्हणूनच परत तलाव भरा म्हणजे ते खाली दबून राहील. मला ते पटत नाही, दबलेलं विष नाहीसं होत नाही आणि पुढच्या वेळी धरणाचं काही झालं तर परत तेच. पण दुसऱ्या बाजूने, जंगल आहे म्हणजे काही करायला नको असंही नाही, कुठे गाळ जास्त विषारी आहे त्याचा नकाशा हवा, तिथे गुरं चारू नयेत, भाजी लावू नये, हे आजच्या आज सांगावं लागेल कारण लोक तिथे आत्ताच जातायत.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. द्निप्रोवर सहा धरणांची साखळी होती, किव्ह, कानिव, क्रेमेंचुक, कामियान्स्के, द्निप्रो आणि सगळ्यात खाली काखोव्का. वरची पाच उभी आहेत आणि युक्रेनच्याच हातात आहेत. खालच्या पूरमैदानाला जगायचं तर वसंतात पूर हवा, वर्षातून एकदा पाणी पसरलं पाहिजे, माशांना अंडी घालायला, झाडांना, पाणथळींना. म्हणजे काखोव्का बांधायचं की नाही हे न ठरवताही, शांतता व्हायची वाट न बघताही, वरच्या धरणांतून वसंतात किती पाणी कसं सोडायचं हे आज ठरवता येतं आणि पुढच्या वर्षी बदलताही येतं. यातून कळेल की नदीला स्वतःहून काय जमतं. काळ्या समुद्रातून वर चढणारे स्टर्जन मासे काखोव्काच्या भिंतीशी अडायचे, आता ती वाट झापोरिझियापर्यंत उघडी आहे.

सांगलीच्या दादांचं म्हणणं मला लागलं. पण बघा, किव्हच्या उत्तरेला इर्पिन नदीचं उदाहरण आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन फौजा राजधानीकडे येत होत्या तेव्हा युक्रेनने स्वतःच तिथला बांध उघडला, इर्पिनचं पूरमैदान पाण्याखाली गेलं आणि रणगाडे अडले. देमिदिव गावाची तळघरं, अंगणं बुडाली, त्या लोकांनी ते सोसलं. मग लगेच प्रश्न आला, हे पाणी आता उपसून पूर्वीसारखी शेतं-प्लॉट करायचे की ओलसर राहू द्यायचं, कारण तीच दलदल राजधानीची ढाल ठरली. म्हणजे तिकडे पाणथळ जागा हा संरक्षणाचाच भाग झालाय, माणसं वाचवणं आणि नदी वाचवणं वेगळं करता आलं नाही.

आणि एक, युक्रेन जून २०२२ पासून युरोपियन युनियनचा उमेदवार देश आहे, त्यामुळे नदीखोऱ्यांचे आराखडे करणं त्यांना भागच आहे. देशाचे नऊ खोरेविभाग आहेत, द्निप्रोचा आराखडा २०२५ ते २०३० साठी केलाय. युद्धात केलाय!! मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं, सायरन वाजला की तळघरात जायचं आणि परत येऊन पाण्याचे नमुने तपासायचे.

---

पळसदेव_बुडीत

वरचं सगळं वाचलं. आकड्यांत मी पडत नाही, आमचं घर उजनीच्या बुडीतातलं म्हणून लिहितो.

माझ्या आजोबांचं घर, गोठा, काळी जमीन सगळं भीमेच्या पाण्याखाली आहे. दुष्काळात पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, लोक होडीतून बघायला येतात, फोटो काढतात. आजोबा जायचे ते फोटो काढायला नाही, आपली ताल (शेताचा बांध) कुठे होती ते पायांनी शोधायला. त्यामुळे ताई तुम्ही लिहिलंत ना तलाव रिकामा झाला, मला पहिल्यांदा डोळ्यासमोर ते आलं की तिथे खाली काय होतं.

मी शोधून वाचलं. तिथे वेलिकी लुह होतं, मोठं कुरण असा अर्थ, झापोरोझियन कोसॅक लोकांचा मुलूख, त्यांच्या इतिहासातलं फार मोठं ठिकाण. पन्नासच्या दशकात सोव्हिएत सरकारने गावं उठवली, कोणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आता पाणी गेल्यावर खोर्तित्सिया बेटाजवळ ओकच्या एका खोडातून कोरलेली जुनी होडी सापडली, जुने काठ वर आले. म्हणजे एका बाजूने तो विध्वंस आहे, आणि दुसऱ्या बाजूने कोणाच्या तरी पणजोबांचं गाव परत दिसलंय. हे दोन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतं.

आपल्याकडे पाणी मागे गेलं की गाळपेर जमीन निघते, लगेच तिच्यावर कोण पेरणार यावरून भांडणं, धरणग्रस्त म्हणतो माझा हक्क, दुसराच कोणी ट्रॅक्टर घालून मोकळा. तिकडे दोन हजार चौरस किलोमीटर गाळपेर एकदम निघालीये. युद्ध संपलं की पहिल्या वर्षी तिच्यावर कोण कुंपण घालतं बघा. ती जमीन कोणाची हे आत्ता लिहून ठेवलं नाही तर जंगलही जाईल आणि धरणग्रस्तांनाही काही मिळणार नाही. माझ्या मते युद्ध चालू असतानाच करायचं सगळ्यात मोठं काम हे आहे, आणि त्याला सिमेंट लागत नाही.

पण माझी खरी अडचण इथे आहे. नदीचा डावा काठ, नोवा काखोव्का, ओलेश्की, एनेर्होदार, रशियाच्या ताब्यात आहे. खेरसन नोव्हेंबर २०२२ मध्ये सुटलं तेव्हापासून नदी हीच आघाडीची रेषा. मग जनसुनावणी घ्यायची तर अर्धा काठ येणारच नाही. डाव्या काठाचे जे लोक घर सोडून गेलेत ते पोलंडमध्ये, जर्मनीत, देशात दुसरीकडे पांगलेत. त्यांना न विचारता उजव्या काठाने आणि राजधानीने ठरवलं, कितीही चांगलं ठरवलं, तरी ते पन्नासच्या दशकासारखंच होईल. वाळुंजताई, तुमच्या देशात आलेल्या त्या लोकांना कोणी विचारतंय का? आमच्या पुनर्वसनाच्या बैठका जिल्ह्याच्या गावी व्हायच्या, सकाळी अकराला, एसटी पोचायची साडेबाराला. तेव्हा आजोबा पोचेपर्यंत ठराव झालेला असायचा.

आणि त्या नदीवर हे पहिल्यांदा झालेलं नाही. १८ ऑगस्ट १९४१ ला जर्मन फौज येतेय म्हणून सोव्हिएत सैन्यानेच झापोरिझियाचं द्निप्रो धरण उडवलं, खालच्या लोकांना न सांगता. पुढे १९७७ साली जिनिव्हा करारांना जोड करार झाला, त्याच्या ५६ व्या कलमात धरणं, बंधारे, अणुवीज केंद्रं यांच्यावर हल्ला करू नये असं लिहिलंय. तरी २२ मार्च २०२४ ला तेच द्निप्रो धरण परत क्षेपणास्त्रांनी फोडायचा प्रयत्न झाला. भिंत टिकली. मोठी भिंत म्हणजे शत्रूच्या हातात दिलेलं हत्यार, हे त्या नदीने दोनदा दाखवलंय, तेव्हा सहावी भिंत तशीच बांधावी असं मला तरी वाटत नाही.

---

वाळुंज

पळसदेव दादा, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि मला त्याचं उत्तर माहिती नाही असं सोडून देणार नाही, मी इथे खेरसनकडच्या दोन कुटुंबांना ओळखते, त्यांना विचारते. जमिनीच्या मालकीबद्दल मी विचारच केला नव्हता, आम्ही झाडं बघतो.

एक राहिलं, किव्हच्या तलावाचं. चेर्नोबिलजवळून येणारी प्रिप्यात नदी त्याला मिळते, आणि १९८६ च्या अपघातातलं किरणोत्सारी सीझियम त्या तलावाच्या तळाच्या गाळात बसलेलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये किव्हच्या जलविद्युत केंद्रावरही हल्ला झाला. म्हणजे वरची धरणं सुद्धा नुसती उभी आहेत म्हणून विसरून चालणार नाही. शिवाय नदी उगम पावते रशियात, मग बेलारूस, मग युक्रेन, पाच लाख चौरस किलोमीटरचं खोरं, महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठं. वरच्या दोघांशी आज बोलणं बंद. त्यामुळे आराखडा अर्धाच आहे हे मान्य करूनच तो करावा लागतोय.

---

नीपरकाठची

सगळ्यांचे खूप आभार, मी दोनतीनदा वाचलं आणि मैत्रिणीला भाषांतर करून पाठवलं. काल रात्री व्हिडिओ कॉल लागला, आजी पण होती, मध्येच एकदा आवाज आला आणि त्या सगळ्या बाथरूममध्ये जाऊन बसल्या, तिथूनच बोलल्या. निकोपोलवर पलीकडच्या काठावरून तोफा आणि ड्रोन अजून चालूच असतात, आता मध्ये तेवढं पाणीही नाही.

सिंचनवाले काका, तुमचे प्रश्न विचारले. नळाला पाणी नव्या लाईनने येतं, धरण फुटलं त्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे नव्हतंच, टँकरच्या रांगेत उभं राहायला लागायचं आणि रांगेवर गोळे पडतील ही भीती. आता येतं पण पिण्यासाठी त्या विकतच आणतात, मोठे कॅन. चौथ्या मजल्यावर चढतं का हे मी खास विचारलं तर मैत्रीण म्हणाली सकाळी चढतं, संध्याकाळी दाब कमी होतो. गावाबाहेर त्यांची छोटी बाग आहे, तिथली विहीर तलाव गेल्यावर आटली, टोमॅटो लावणं सोडून दिलं. द्राक्षाचे दोन वेल तेवढे जगलेत.

मग मी आजीला विचारलं तुम्हाला काय पाहिजे, समुद्र की जंगल. मला वाटलं होतं ती समुद्र म्हणेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली तिची आई त्या बुडालेल्या भागातल्या गावची, गावाचं नाव तिने मला सांगितलं. आई जिवंत होती तोवर दर उन्हाळ्यात पाण्याकडे हात करून दाखवायची की तिथे आमचं अंगण होतं, आणि आजीला ते कधी खरं वाटायचं नाही कारण तिने जन्मापासून पाणीच पाहिलेलं. गेल्या वर्षी बाल्कनीतून तिला त्या दिशेला एक उंचवटा दिसला, आईने सांगितला तसाच. जायला परवानगी नाही, सुरुंग आहेत, आणि उघड्यावर गेलं की पलीकडून दिसतं.

ती म्हणाली पाणी आणा, पण एवढं नको. उंचवटा उघडा राहील एवढंच आणा.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला कालव्याच्या तोंडाशी पोचेल एवढं पाहिजे, बाकी मला काही म्हणायचं नाही. मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. असं होतं का काका, थोडंच पाणी अडवलंय असं?

---

सिंचनवाला_निवृत्त

होतं. १६ मीटरचीच पातळी धरली पाहिजे असं कुठल्या देवाने सांगितलेलं नाही. कमी उंचीचा दरवाज्यांचा बंधारा घालून पाणी मुख्य पात्रातच जरा वर धरायचं, आपल्याकडे नद्यांवर बराज घालतात तसं, मग कालव्यांसाठी पाणी कमी उंच उचलावं लागतं आणि वसंतात दरवाजे पूर्ण उघडले की वाळुंजताई म्हणतात तो पूरही जातो. पण मी इथे बसून पातळी सांगणार नाही, ते चुकीचं होईल. त्यासाठी तळाची आजची उंची हवी, ती जुन्या नकाशात मिळणार नाही कारण सत्तर वर्षांचा गाळ बसलाय आणि नवी धार कुठून वाहतेय तेही बदललंय. उपग्रहावरून बरंच मोजता येतं, सुरुंगात माणूस न घालता.

मोजायचं तर एक काम तुम्ही करू शकता. आजींना विचारा तो उंचवटा बाल्कनीतून कुठल्या खुणेच्या रेषेत दिसतो, आणि त्यांच्या आईने गाव पाण्यापासून किती लांब होतं असं सांगितलं होतं, चालत किती वेळ, पूर आला की कुठल्या घरापर्यंत पाणी चढायचं. धरणाच्या आधीची पूरपातळी सांगणारी माणसं आता फार उरली नसणार, हे लिहून घ्या, गावाच्या नावासकट. पळसदेवच्या दादांनी जमिनीच्या मालकीचं म्हटलंय, त्यालाही हेच कागद लागतील.

---

नीपरकाठची

आज रात्री परत फोन करते काका. मैत्रीण म्हणाली आजीच्या आईची एक वही आहे, कपाटात, बियाण्यांचा आणि उसनवारीचा हिशोब, त्यात कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं हे लिहिलेलं असायचं. सापडली तर पानांचे फोटो मागवते.